लॅपटॉपची डिस्क भरली: सगळी सिस्टीम नव्या, मोठ्या ड्राइव्हवर कशी हलवायची?

पीएच.डी.ला नोंदणी होते तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात एम.एस्सी.च्या, कधी कधी तर बी.एस्सी.च्या काळातला लॅपटॉप असतो. आत ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. त्या ५०० मधले विंडोज फक्त ४६५ दाखवतं, आणि यात दुकानदाराने काही चोरलेलं नसतं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०७ कोटींच्या आसपास धरतं, एवढाच फरक. त्यातले ऐंशी-शंभर जीबी विंडोज आणि सॉफ्टवेअर खातं. उरलेल्या जागेत आपलं संशोधन मावायला हवं.

ते मावत नाही. माझंच उदाहरण घ्या. गिरणा खोऱ्यातल्या पिकांसाठी मी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा वापरतो. या प्रतिमा १०० किलोमीटर बाय १०० किलोमीटरच्या तुकड्यांत मिळतात आणि एक तुकडा साधारण ८०० एमबीचा असतो. दर ५ दिवसांनी एक नवी प्रतिमा. पावसाळ्यात ढगांमुळे उपयोग नाही, म्हणून ऑक्टोबर ते मे असे आठच महिने धरले तरी वर्षाला ४८ प्रतिमा, म्हणजे जवळजवळ ३८ जीबी. २०१८ ते २०२५ अशी आठ वर्षं घेतली की ३०० जीबी झाले, आणि हा फक्त कच्चा माल. त्यावर प्रक्रिया केल्यावर तयार होणाऱ्या फायली वेगळ्याच. तुमचा विषय जनुकांचा असो, भाषेचा असो की मातीचा, तिसऱ्या वर्षी ही वेळ येतेच.

बाहेरची डिस्क लावून डेटा तिकडे टाकणं हा एक मार्ग आहे आणि काही काळ तो चालतो. पण सी ड्राइव्ह लाल झाला, अपडेट घ्यायला जागा उरली नाही, पायथन उघडायला दोन मिनिटं लागायला लागली, की आतली डिस्कच बदलावी लागते. हा लेख त्याबद्दल आहे. नवी डिस्क बसवणं हे स्क्रूड्रायव्हरचं काम, दहा मिनिटांचं. खरा प्रश्न तिच्यावर आपली चालू सिस्टीम जशीच्या तशी कशी न्यायची हा आहे.

फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं तर काय बिघडतं?

कोणत्याही तालुक्याच्या गावी दुकानात गेलात तर पहिलं उत्तर हेच मिळेल: "नवीन टाकून देतो, फ्रेश चालेल." घरगुती वापरासाठी हे उत्तर चुकीचं नाही. बऱ्याचदा तेच बरं. संशोधकासाठी मात्र तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण आवृत्त्यांची. तुमचं विश्लेषण दोन वर्षांपूर्वीच्या पायथन किंवा आर पॅकेजवर झालेलं असतं. नव्या सिस्टीमवर सगळं नव्याने टाकलं की पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्या येतात, आणि तोच कोड कधी अडतो, तर कधी न अडता जरा वेगळे आकडे देतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. परीक्षकांनी तक्ता ४.३ पुन्हा काढून दाखवा म्हटलं तर तुम्ही काय दाखवणार? वापरलेली आवृत्ती हा संशोधनपद्धतीचाच भाग आहे. (खरं तर आवृत्त्यांची यादी आधीच फाइलमध्ये लिहून ठेवलेली असावी. पण किती जणांची असते?)

दुसरी अडचण परवान्यांची. काही सॉफ्टवेअरचा परवाना सी ड्राइव्हच्या व्हॉल्यूम सिरियल नंबरशी बांधलेला असतो. फॉरमॅट केलं की हा नंबर बदलतो. हुबेहूब क्लोन केला तर तो तसाच राहतो.

तिसरी अडचण खास आपली, मराठीवाल्यांची. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतले कितीतरी प्रबंध आजही श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की अख्खं प्रकरण तीन अगम्य खिचडी होऊन समोर येतं. डेटा गेलेला नसतो, पण तो फॉन्ट, त्याची तीच आवृत्ती आणि कीबोर्डची तीच मांडणी परत शोधत बसा. सादरीकरणाला महिना उरलेला असताना हे कोणाला हवंय?

म्हणून माझं मत असं: प्रबंध चालू असेल तर क्लोन करा. प्रबंध जमा झाला, मौखिकी झाली, की खुशाल फॉरमॅट मारा. अपवाद एकच. सिस्टीममध्ये व्हायरस असेल किंवा ती मुळातच सारखी बंद पडत असेल, तर क्लोन म्हणजे तोच आजार नव्या डिस्कवर नेणं.

नुसत्या फायली कॉपी केल्या तर सिस्टीम का सुरू होत नाही?

सी ड्राइव्ह सिलेक्ट केला, कॉपी केला, नव्या डिस्कवर पेस्ट केला. अशी डिस्क लॅपटॉपमध्ये घातली तर पडद्यावर "बूट करण्यासारखं उपकरण सापडलं नाही" असा संदेश येतो. याचं कारण समजून घेतलं की पुढची सगळी प्रक्रिया सोपी होते, म्हणून इथे जरा थांबतो.

डिस्क म्हणजे एक सलग मोठी जमीन समजा. तिच्यात गट पाडलेले असतात. कोणता गट कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. ही नोंद म्हणजे पार्टिशन टेबल, आपला सातबारा म्हणा. प्रत्येक गटाच्या आत मग स्वतःची मांडणी असते, कोणत्या सरीत काय पेरलंय ते. ती झाली फाइल सिस्टीम: विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची बहुधा ईएक्सटी४.

आता लॅपटॉपचं बटण दाबल्यावर काय होतं ते पाहा. मदरबोर्डवरच्या चिपमधला यूईएफआय नावाचा प्रोग्राम जागा होतो. त्याला एनटीएफएस कळत नाही. त्याला फॅट प्रकारचा एक छोटासा गट हवा असतो, साधारण १०० ते ५०० एमबीचा, ज्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. फाइल एक्सप्लोररमध्ये तो दिसतच नाही, त्यामुळे तुमच्या कॉपी-पेस्टमध्ये तो आलेलाच नसतो. त्या गटात बूटलोडर असतो. बूटलोडरजवळ पुढच्या गटाचा पत्ता लिहिलेला असतो, आणि हा पत्ता "सी ड्राइव्ह" असा नसून त्या गटाच्या लांबलचक ओळख क्रमांकाच्या रूपात असतो. लिनक्समध्ये त्याला यूयूआयडी म्हणतात आणि एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये तो तुम्हाला डोळ्यांनी वाचता येतो. हा क्रमांक जुळला तर सिस्टीम सुरू होते, नाहीतर साखळी तिथेच तुटते.

म्हणजे आपल्याला सातबारा, छोटा ईएफआय गट, मुख्य गट आणि त्यांचे ओळख क्रमांक, हे सगळं न्यायचं आहे. क्लोन करणारं सॉफ्टवेअर हेच करतं.

इथेच सातबाऱ्याच्या दोन प्रकारांबद्दल सांगतो. जुना प्रकार एमबीआर. तो १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आला, तेव्हा त्या संगणकाची डिस्क होती १० एमबीची! त्यात जागेचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा असतो. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ केलं की २.२ टीबी येतात. त्यापुढची जमीन एमबीआरच्या सातबाऱ्यावर लिहिताच येत नाही. तुमचा लॅपटॉप जुना, त्यावर एमबीआर, आणि तुम्ही ४ टीबीची डिस्क आणली, तर हुबेहूब क्लोन केल्यावर निम्मी डिस्क पडीक राहील. नवा प्रकार जीपीटी, त्याला ही मर्यादा व्यवहारात नाही. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये व्हॉल्यूम्सखाली प्रकार दिसतो. १ किंवा २ टीबीपर्यंत जाणार असाल तर एमबीआर असला तरी काळजी नाही.

डिस्क घेताना

थोडक्यात सांगतो. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक टाकून आत कोणती जागा आहे ते आधी बघा: अडीच इंची साटा की एम.२. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे, पण प्रत्येक स्लॉटला दोन्ही चालत नाहीत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी टाकली तरी वेगातला फरक डोळ्यांत भरतो, त्यामुळे एनव्हीएमई नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. आणि हजार रुपयांत "१६ टीबी" अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. अशा उपकरणात ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती खोटा आकडा सांगते. जागा भरली की जुन्यावर नवं लिहीत राहते. शंका असेल तर लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो पूर्ण डिस्क लिहून परत वाचतो आणि खरी जागा किती ते सांगतो. क्लोन करण्याआधी हे एकदा करायला हरकत नाही.

क्लोनच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल यांनी ती वाचता येते. त्यातल्या तीनच ओळी बघा. क्रमांक ५, म्हणजे किती खराब सेक्टर बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले. क्रमांक १९७, म्हणजे किती सेक्टर आत्ता वाचता येत नाहीयेत. क्रमांक १९८, न दुरुस्त होणारे. तिन्ही शून्य असतील तर बिनधास्त पुढे जा. १९७ मध्ये आकडा असेल तर थांबा. साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर अशा सेक्टरवर अडकतं. डीडीसारखा प्रोग्राम पहिल्या चुकीवरच बंद पडतो, किंवा तुम्ही तसं सांगितलं असेल तर तिथे शून्यं भरून पुढे जातो, आणि नंतर नक्की कुठे शून्यं भरली ते तुम्हाला कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या एका संशोधक ताईचा फोन आला. विषय अहिराणी ओव्या आणि जात्यावरची गाणी. चार वर्षं गावोगाव फिरून तिने रेकॉर्डिंग केलेलं. "दादा, लॅपटॉप फार हळू चालतोय, दुकानवाले म्हणतात फॉरमॅट मारू, डी ड्राइव्हला हात लावणार नाही." आता तिचं लिप्यंतर होतं डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये. मी तिला क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो पाठवायला सांगितला. पिवळा रंग, १९७ समोर २४. मी म्हटलं, "ताई, आत्ता लॅपटॉप बंद कर आणि परत चालू करू नकोस." कारण आजारी डिस्कवर सिस्टीम चालू ठेवली की ती सतत काहीतरी वाचत-लिहीत राहते. ज्या आज्यांचे आवाज तिने घेतले होते त्यांच्यातल्या दोघी तोवर गेल्या होत्या. ते रेकॉर्डिंग पुन्हा होणारं नव्हतंच. गाण्यांच्या काही प्रती गाइडकडे होत्या, सगळ्या नाही.

अशा वेळी वापरायचं साधन म्हणजे जीएनयूचं डीडीरेस्क्यू. त्याची युक्ती साधी आहे. सुरुवातीला ते सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं आणि अडणारी जागा सोडून पुढे जातं. मग उरलेल्या जागांकडे परत येऊन लहान लहान तुकड्यांत प्रयत्न करतं. डिस्क मध्येच मेली तरी बहुतेक माल हाती आलेला असतो. कुठे काय झालं याची नोंद ते मॅपफाइल नावाच्या एका साध्या फाइलमध्ये ठेवतं. आमच्याकडे काम सुरू असताना संध्याकाळी लाइट गेली, इन्व्हर्टरने अर्धा तास तग धरला आणि मग सगळं बंद. लाइट आल्यावर तीच आज्ञा, तीच मॅपफाइल देऊन पुन्हा दिली आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. मॅपफाइल मात्र तिसऱ्याच डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवायची, आणि लाइव्ह यूएसबीच्या तात्पुरत्या मेमरीत तर नाहीच नाही.

शेवटी दोन जागा वाचल्या गेल्या नाहीत, प्रत्येकी ४०९६ बाइटच्या. त्या कोणत्या फायलींत पडतात? डीडीरेस्क्यूमध्ये भरण्याची एक सोय आहे: मॅपफाइल बघून नव्या डिस्कवरच्या फक्त त्याच जागांत आपण दिलेला खुणेचा मजकूर लिहिता येतो. मग सगळ्या फायलींत तो मजकूर शोधायचा. एक जागा निघाली विंडोजच्या स्वतःच्या फाइलमध्ये. एसएफसी ही विंडोजचीच तपासणी चालवली, फाइल दुरुस्त झाली. दुसरी निघाली एका ओवीच्या रेकॉर्डिंगमध्ये. हिशेब करू या: ४४,१०० नमुने प्रतिसेकंद, प्रत्येक नमुना २ बाइट, एकच चॅनेल, म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. ४०९६ भागिले ८८,२०० म्हणजे ०.०४६, एका सेकंदाचा साधारण विसावा भाग. तिथे खुणेच्या मजकुराऐवजी शून्यं भरली, आणि त्या जागी बारीकशी शांतता राहिली. कानाला कळतही नाही, पण तिने त्या रेकॉर्डिंगच्या नोंदीत कोणत्या सेकंदाला काय झालं ते लिहून ठेवलं. मला ते फार आवडलं.

प्रत्यक्ष क्लोन

तब्येत चांगली असलेल्या डिस्कसाठी एवढा खटाटोप लागत नाही. नवी डिस्क यूएसबीच्या खोक्यात घालून लॅपटॉपला जोडा आणि पुढचं बघा.

आधी महत्त्वाच्या फोल्डरची एक साधी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. क्लोन करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते हे खरं, पण जुनी कोणती आणि नवी कोणती हे सॉफ्टवेअरला तुम्ही सांगायचं असतं. दिशा उलटी झाली की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर क्लोन होते, आणि त्याला परतीचा रस्ता नाही. डीडी या प्रोग्रामला लोक गमतीने डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात ते यामुळेच. म्हणून फक्त आकार बघून ठरवू नका. दोन्ही डिस्कचे मॉडेल आणि सिरियल नंबर कागदावर लिहा आणि पडद्यावरच्या नावांशी ताडून बघा. लिनक्समध्ये एलएसबीएलके ही आज्ञा ते दाखवते.

दुसरं, बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्क आपोआप कूटबद्ध करतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. डिस्क बदलल्यावर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आधी लिहून घ्या. शक्य असेल तर क्लोनपुरतं कूटबद्धीकरण काढून टाका, नंतर पुन्हा लावता येतं.

तिसरं, विंडोज खरोखर बंद करा. नेहमीचं शटडाउन फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपल्यासारखं असतं आणि एनटीएफएस "वापरात आहे" अशा स्थितीत राहते. शिफ्ट दाबून शटडाउन केलं की पूर्ण बंद होतं.

आता साधन. क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर माझ्या पसंतीचं. पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, पडदा ओबडधोबड आहे, पण एनटीएफएस आणि ईएक्सटी४ मधला फक्त भरलेला भाग उचलतं, त्यामुळे वेळ वाचतो. बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर मोफत देतात, ते विंडोजमधूनच चालतं. पहिल्यांदाच करत असाल तर तेही चांगलं.

वेळ किती लागेल? लॅपटॉपची फिरणारी डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, आतल्या कडेला त्याच्या निम्म्याने. सरासरी ७५ धरली तर पूर्ण ५०० जीबीला दोन तासांच्या जरा आत. पण खोकं यूएसबी २.० च्या पोर्टला लावलं तर वेग ३०-३५ वर येतो आणि तेच काम चार तासांवर जातं. त्यामुळे निळा, म्हणजे ३.० चा पोर्ट बघून लावा. चार्जर जोडलेला असू द्या, आणि लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती टाळून बसा.

जागा कुठे गेली?

क्लोन झाला, १ टीबीची डिस्क, आणि सी ड्राइव्ह मात्र जुन्याइतकाच! घाबरू नका. सातबारा जसाच्या तसा उतरवला, त्यात जुन्याच सीमा लिहिलेल्या आहेत. वाढीव जमीन गटाबाहेर पडून आहे. आता दोन कामं करायची असतात: सातबाऱ्यावर गटाची हद्द वाढवायची, आणि मग आतली फाइल सिस्टीम त्या नव्या हद्दीपर्यंत पसरवायची. पहिलं केलं आणि दुसरं राहिलं तर कागदावर क्षेत्र वाढतं, पण पेरणी जुन्याच बांधापर्यंत. लिनक्सवर जीपार्टेड दोन्ही एकदम करतं.

जीपीटीत आणखी एक गोष्ट आहे. सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. सेक्टरला सेक्टर असं क्लोन केलं की ती प्रत नव्या डिस्कच्या मध्यातच कुठेतरी अडकते. जीपार्टेड उघडल्यावर "सगळी जागा वापरलेली दिसत नाही, दुरुस्त करू का?" अशा अर्थाचा प्रश्न येतो तो याबद्दल. हो म्हणा.

विंडोजवाल्यांची अडचण वेगळी. सी ड्राइव्हच्या लगेच नंतर एक छोटा रिकव्हरी पार्टिशन बसलेला असतो, आणि डिस्क मॅनेजमेंटला फक्त शेजारची मोकळी जागा जोडता येते. त्यामुळे "एक्स्टेंड" हा पर्याय करडा, न दाबता येणारा दिसतो. जीपार्टेडने तो रिकव्हरी पार्टिशन सरकवून अगदी शेवटी न्या, मग सी वाढवा. उडवून टाका असा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही, दुरुस्तीची साधनं त्यातच असतात. तो सरकवतोच आहात तर थोडा वाढवूनही घ्या. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट लाखमोलाचा वेळ खाऊन गेलं, कारण अनेकांच्या या पार्टिशनमध्ये पुरेशी मोकळी जागाच नव्हती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा तो २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं.

पहिल्यांदा सुरू करताना

एकच नियम: पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नको. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कचे ओळख क्रमांक सारखे आहेत. लिनक्सला दोघी दिसल्या तर ती कोणतीही एक उचलते. दिसायला सगळं तेच, तुम्ही आठवडाभर नव्या डिस्कवर काम करतोय असं समजून जुनीवर लिहीत बसता. विंडोज यात जरा शहाणं आहे, सारखी सही दिसली की एक डिस्क ऑफलाइन करतं.

साटावरून एनव्हीएमईवर गेलात आणि निळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस उघडता येत नाही असा संदेश आला, तर क्लोन वाया गेला असं समजू नका. नव्या डिस्कचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होत नाहीये. सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून पुन्हा नेहमीसारखं सुरू केलं की बहुधा सुटतं. विंडोजच्या परवान्याची चिंता नको, तो मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो.

आता पडताळणी. सिस्टीम सुरू झाली म्हणजे फायली बरोबर आल्या असं सिद्ध होत नाही. क्लोनच्या आधी संशोधनाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ अंक काढून यादी करून ठेवा. लिनक्सवर त्यासाठी एक ओळीची आज्ञा आहे, विंडोजवर सर्टयूटिल आहे. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा अंक पूर्ण बदलतो. नव्या डिस्कवर यादी पुन्हा ताडून बघा. पूर्ण सी ड्राइव्हची अशी तुलना करू नका, कारण विंडोज सुरू होताच स्वतःच्या शेकडो फायली बदलतं आणि उगाच घाम फुटतो. मग एक जुनं विश्लेषण चालवून तक्त्यातले आकडे तेच येतात का पाहा, आणि प्रबंधाची फाइल उघडून फॉन्ट नीट दिसतोय का पाहा. ड्राइव्हचं अक्षर बदललं असेल, म्हणजे डीचा ई झाला असेल, तर पूर्ण पत्ता साठवलेले प्रोजेक्ट फायली शोधत बसतात. डिस्क मॅनेजमेंटमधून जुनं अक्षर परत द्या.

जुनी डिस्क निदान दोन महिने तशीच ठेवा. वर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि कपाटात टाका. तिच्यावरचा डेटा त्या तारखेला गोठलेला आहे, त्यामुळे नेहमीचा बॅकअप वेगळा चालू ठेवावाच लागतो. दोन महिन्यांनी, तिची तब्येत ठणठणीत असेल तर तिला यूएसबीच्या खोक्यात घालून फॉरमॅट करा. ओळख क्रमांक बदलतो, दोन डिस्कचा गोंधळ संपतो आणि तुम्हाला बॅकअपसाठी ५०० जीबी मिळतात. १९७ समोर आकडा असलेल्या डिस्कवर मात्र पुन्हा काही ठेवू नका.